पाण्यात उतरण्यापूर्वी

केज तालुक्यात पाण्याच्या गोष्टी फार आणि पाणी थोडे. बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावणारी मांजरा नदी याच तालुक्यात धनेगावला धरणाने अडविली आहे. परंतु तेच धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पुरवावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. जेथे घागरभर पाण्याची चिंता, तेथे समुद्राखाली बुडी मारण्याच्या साधनांचा विचार कोणी करावा? पण आज आपल्या लहान लहान धर्मग्रामांतील मुले-मुली नोकरीसाठी दूरदेशी गेली आहेत, आणि त्यांच्या मागोमाग पूर्वी कधी कानांवर न पडलेले विषय आपल्या घरांत येऊन बसू लागले आहेत. आमच्या घरी असाच एक विषय येऊन बसला. थंड समुद्रात स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली वावरण्याची विद्या, शिकू पाहणाऱ्या नवख्या माणसाने कोणती साधने घ्यावीत, हा तो विषय.

आमची धाकटी मुलगी आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. ती राहते त्या किनाऱ्यावरच्या गावात ही विद्या शिकविणारा एक क्लब आहे. तेथे नाव नोंदविण्यापूर्वी तिने आम्हांला फोन केला. म्हणाली, ‘‘बाबा, पोहायला तुम्हीच शिकवलंत. आता यासाठी काय विकत घेऊ आणि काय नको, तेही तुम्हीच सांगा.’’ हे बोलणे तिच्या आईच्या कानांवर गेले आणि घरात शांतता पसरली. कारण तिच्या आईचा थोरला भाऊ विहिरीत उतरला होता, तो जिवंत वर आला नाही. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह असतो, ज्याला आमच्याकडचे शेतकरी सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात, तो गाळात अडकला होता. पट्टीचा पोहणारा माणूस. ‘हा आलोच’ म्हणून एकटाच उतरला. कमरेला कासरा नव्हता, काठावर कोणी नव्हते. त्या दिवसापासून आमच्या पत्नीने विहिरीच्या कठड्याला कधी हात लावलेला नाही. तेव्हा मुलीच्या प्रश्नाला दुकानातल्या वस्तूंची यादी हे उत्तर पुरेसे नव्हते. तिच्या आईच्या मनालाही ते पटायला हवे होते.

पाण्याशी आमच्या घराण्याचा संबंध साधा नाही. आमच्या वडिलांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीतल्या माणसांना चढता येत नसे. बाया घागरी खाली ठेवून कोणी पाणी ओतील याची वाट पाहत उभ्या राहत. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालीच झाला होता. पण खेड्यांतल्या कठड्यांपर्यंत त्याचे पाणी पोहोचायला फार वर्षे लागली. वडील पोहायला शिकले ते मांजरेच्या डोहात, पावसाळा ओसरल्यावर, गुरे चारता चारता. पुढे १९७२ च्या दुष्काळात आमच्या वस्तीशेजारी कामाच्या बदल्यात धान्य देऊन एक विहीर खणली गेली. त्या विहिरीत उतरायला कोणाला मज्जाव नव्हता. आम्ही तेथे शिकलो, आमची मुले तेथे शिकली. आजोबांना ज्या पाण्याला शिवता आले नाही, त्याहून कितीतरी मोठ्या पाण्यात नात उतरू म्हणते आहे, या गोष्टीचा आम्हांला आनंद झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण आनंदाने माणूस तरंगत नाही; त्याला काहीतरी साधन लागते.

आमच्या विहिरीवर नवख्या पोराला तीन-चार साधने मिळत. एक वाळलेला भोपळा. आतला गर काढून, तोंड घट्ट बुजवून तो पाठीला बांधीत. दुसरे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बिंडे. तिसरा गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा, झाकण डिंकाने वा डांबराने पक्के केलेला. आणि नंतरच्या काळात ट्रकच्या चाकाची ट्यूब. यांतून निवड करण्याचे एक शास्त्र होते आणि ते जाणत्या माणसांना शाळेत न जाताही ठाऊक होते. पंधरा किलोचा मोठा डबा ते कधीच बांधू देत नसत. पाण्यात तो इतक्या जोराने वर उसळतो की पोराला तोंडावर पालथे पाडतो. पाच किलोचा डबा पुरेसा होतो, कारण माणसाचे शरीर मुळात जवळजवळ तरंगतेच. त्याला थोडासाच आधार हवा असतो. तो आधार कोठे बांधावा यालाही महत्त्व होते. खांद्यांच्या खाली, पाठीवर घट्ट. दोर सैल राहून डबा कमरेखाली घसरला की पाय वर आणि डोके खाली.

आम्हांला स्वतःला पांगाऱ्याचे बिंडे सर्वांत आवडे. ते लाकूड दिवसागणिक थोडे थोडे पाणी पिऊन जड होत जाई, शिवाय जाणते लोक ते अधूनमधून तासून बारीक करीत. पोराला वाटे की आपण बिंड्यावर तरंगतो आहोत. प्रत्यक्षात तो हातापायांवर तरंगू लागलेला असे. ट्यूबवर शिकलेली पोरे मात्र वर्ष उलटले तरी ट्यूब सोडीत नसत. साधन चांगले कोणते, तर माणसाला हळूहळू समर्थ करणारे, हे आम्ही तेथे पाहिले. आणि या सगळ्यांच्या आधीचे साधन म्हणजे कमरेचा कासरा व त्याचे दुसरे टोक हाती धरून काठावर उभा असलेला माणूस. ते नसेल तर भोपळा असून उपयोग नाही.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही मुलीच्या प्रश्नाकडे वळलो. जे जमले ते वाचले, जाणकारांना विचारले. पहिलीच गोष्ट ध्यानात आली ती अशी की आमचे विहिरीतले एक शहाणपण तेथे घातक ठरेल. विहिरीत बुडी मारणारा श्वास रोखून धरतो. जो अधिक वेळ रोखील तो अधिक तरबेज. सिलिंडरातली हवा घेणाऱ्याने मात्र श्वास कधीही रोखू नये. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छाती भरून घेतलेली हवा तशीच कोंडून माणूस वर आला, तर ती फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा करते. म्हणून आम्ही मुलीला प्रथम हेच कळविले की दुकानात जाण्यापूर्वी शिक्षकाकडे जा. शिकण्याआधी घेतलेले साधन हे ओझे आहे.

दुसरी गोष्ट थंडीची. आम्हां केजकरांना थंड पाणी खऱ्या अर्थाने ठाऊकच नाही. विहिरीचे पाणी बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाचे असते; म्हणून ते पौषातल्या पहाटे कोमट लागते आणि वैशाखात गार. आयर्लंडच्या भोवतालचा समुद्र मार्च महिन्यात ८-९ अंश सेल्सियसवर असतो आणि ऐन उन्हाळ्यातही १५ अंशांच्या आसपास. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. अशा पाण्यात एकाएकी पडलेल्या माणसाला पहिल्या एक-दोन मिनिटांत धाप लागते; श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. नंतर बोटे बधिर होतात. आणि बोटे बधिर झाली की उत्तमातले उत्तम यंत्र गळ्यात असूनही त्याची कळ दाबता येत नाही. थंड पाण्याच्या साधनांचा सगळा विचार या बोटांपाशी येऊन थांबतो.

आता एकेक साधन पाहू. सर्वांत आधी मास्क. त्याची निवड किमतीवर नसून चेहऱ्यावर असते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. मास्क पडला नाही तर तो आपला. पडला तर कितीही नामांकित असो, तो दुसऱ्या कोणाचा. ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या होते आणि तिला पैसा पडत नाही. मास्क आणि पायांतले रबरी पंख, ज्यांना फिन म्हणतात, या वस्तू नवख्याने स्वतःच्या घ्याव्यात, कारण त्या अंगमापाच्या असतात. थंड प्रदेशात फिनच्या आत जाड बूट येतो. म्हणून बूट आधी निवडावा आणि तो घालूनच फिन पाहावेत. मागे उघडी टाच आणि पट्टा असलेले फिन तेथे लागतात.

मग अंगावरचा पोशाख. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने वेटसूटची कल्पना मांडली. तिच्यातली मौज अशी की हा पोशाख माणसाला कोरडे ठेवीतच नाही. निओप्रीन नावाच्या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात आणि तेच थंडी अडवितात. आत शिरलेले थोडेसे पाणी अंगाच्या उबेने कोमट होऊन तेथेच राहते. म्हणून जाडीइतकेच महत्त्व अंगाशी घट्ट बसण्याला आहे. सात मिलिमीटर जाडीचा पण ढगळ वेटसूट प्रत्येक हालचालीला जुने पाणी बाहेर टाकून नवे थंड पाणी आत घेतो. त्यापेक्षा नीट बसणारा पाच मिलिमीटरचा बरा. शिवाय खोल गेल्यावर दाबाने ते बुडबुडे चेपतात, पोशाख पातळ होतो आणि ऊब नेमकी हवी तेव्हाच कमी होते. त्याहून पुढचा प्रकार म्हणजे ड्रायसूट. त्यात पाणी मुळीच शिरत नाही. आत लोकरीचे वा तत्सम कपडे घालता येतात. आयरिश समुद्रात वर्षभर उतरणारे पुष्कळ लोक तोच वापरतात. परंतु त्याच्यात हवा असते, आणि ती हवा पायांकडे सरकली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. आमच्या घसरलेल्या डब्याचीच ही गोष्ट! म्हणून ड्रायसूटचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते. नवख्याने पहिला उन्हाळा क्लबच्या वेटसूटवर काढावा आणि आपण हिवाळ्यातही उतरणार आहोत की नाही हे कळल्यावर मोठी खरेदी करावी, असे आम्ही ठरविले. डोक्याची टोपी आणि हातमोजे मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. त्यांत काटकसर नको.

श्वासाचे यंत्र, म्हणजे रेग्युलेटर. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ते सिद्ध केले, म्हणून ही विद्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. सिलिंडरातली दाबलेली हवा बाहेर पडताना फुगते आणि फुगताना थंड होते. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना बोटाला गार लागते तसेच. पाणी मुळातच थंड असेल तर यंत्राच्या आत बर्फाचे कण धरून झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा वाहून सिलिंडर रिकामे होऊ लागते. युरोपातल्या प्रमाणानुसार थंड पाण्यासाठीच्या रेग्युलेटरची चाचणी ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात होते, आणि जो त्यास उतरत नाही त्याच्यावर १० अंशांहून अधिक उष्ण पाण्यातच वापरावा अशी खूण असते. ही खूण पाहिल्यावाचून रेग्युलेटर घेऊ नये. कोणी हौसेने जुना भेट दिला तरी तो जाणत्या कारागिराकडून उघडून, साफ करून घेतल्याखेरीज तोंडाला लावू नये.

त्यानंतर हवा भरता व सोडता येणारे जाकीट आणि कमरेचे शिसे. जाड पोशाख माणसाला वर ढकलतो, म्हणून थंड पाण्यात शिसे अधिक बांधावे लागते. येथे आमच्या जाणत्यांची रीत आठवली. साधन जेवढे लागेल तेवढेच, योग्य जागी, आणि प्रसंगी एका हिसक्यात सोडता येईल असे. शिशाचा पट्टा हातमोजे घातलेल्या, गारठलेल्या एका हाताने सोडता आला पाहिजे. आम्ही मुलीला लिहिले की दुकानात प्रत्येक बकल हातमोजे घालून, डोळे मिटून उघडून पाहा. जे उघडत नाही ते घेऊ नकोस, दुकानदार काही म्हणो.

सिलिंडर तर नवख्याने विकत घेऊच नये. ते क्लबकडून भरून मिळते. पण त्याचे गणित ठाऊक असावे. बारा लिटरच्या सिलिंडरात २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेत असेल, तर दहा मीटरवर तीच हवा ४० लिटरप्रमाणे आणि वीस मीटरवर ६० लिटरप्रमाणे खर्ची पडते. म्हणजे तासाभराची हवा चाळीस मिनिटांवर येते, आणि त्यातलीही काही परतीसाठी राखावी लागते. थंडीने व भीतीने श्वास जलद झाला की हिशेब आणखी आखडतो. आमच्या तालुक्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. टाकीत पाणी किती, घरात माणसे किती आणि टँकर पुन्हा कधी येणार, हा हिशेब आम्ही जन्मभर केलेला आहे.

कोणी म्हणेल, मग आपल्या मालवणला काय वाईट? तारकर्लीला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, आज कितीतरी तरुण स्कूबाचा अनुभव घेऊन येतात. वाईट काहीच नाही. परंतु तेथील पाणी उबदार असते, अंगावर पातळ पोशाख पुरतो आणि सोबतचा प्रशिक्षक हात सोडीत नाही. मालवणला अर्धा तास पाण्याखाली राहिलो म्हणून अटलांटिकची तयारी झाली असे समजणे, हे भोपळ्यावर तरंगलो म्हणून पोहता येते असे समजण्यासारखेच होय.

हे सारे वाचताना आम्हांला जुन्या करारातील दाविदाची आठवण होत होती. गल्याथाशी लढायला निघालेल्या त्या मेंढपाळ पोराला राजा शौलाने आपले चिलखत चढविले, टोप घातला, तरवार दिली. राज्यात त्याहून भारी सामग्री नव्हती. दावीद ती घालून चालू पाहू लागला आणि त्याने ती उतरवून ठेवली, कारण तिची त्याला सवय नव्हती. मग त्याने काठी घेतली आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे वेचले. देवावरच्या भरवशाची गोष्ट म्हणून ही कथा आपण ऐकतो आणि ती तशीच आहे. पण तीत एक व्यवहारही आहे. देवावर भरवसा ठेवणाऱ्या दाविदाने साधन टाकले नाही, गोफण होतीच. त्याने दुसऱ्याच्या मापाचे साधन टाकले आणि आपल्या हाताने पारखलेले घेतले. आपल्यांतले काही भाविक म्हणतात की गळ्यात जपमाळ आहे, आता कासरा कशाला? आणि काही शिकलेले म्हणतात की इतकी यंत्रे आहेत, आता प्रार्थना कशाला? दाविदाकडे पाहिले की हे दोघेही अपुरे वाटतात.

तिच्या आईला मात्र चिलखताची गोष्ट सांगून भागणार नव्हते. तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘कासरा कोण धरणार?’’ यंत्रांच्या एवढ्या वर्णनात तिचा प्रश्न आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला. स्कूबामध्ये कासऱ्याची जागा सोबत्याने घेतलेली आहे. नवखा माणूस एकट्याने उतरत नाही, जोडीनेच उतरतो. उतरण्यापूर्वी दोघे एकमेकांची साधने हाताने चाचपून तपासतात: हवा चालू आहे ना, शिसे सुटते ना, जाकीट फुगते ना. प्रत्येकाच्या रेग्युलेटरला एक जादा मुखनळी असते. ती स्वतःसाठी नसते. सोबत्याची हवा संपली तर त्याला देण्यासाठी असते. हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘दादाच्या जोडीला त्या दिवशी एक माणूस असता तर...’’ तिने वाक्य पुरे केले नाही. इतक्या वर्षांत त्या प्रसंगाविषयी तिने स्वतःहून काढलेले हे पहिले शब्द होते.

तेव्हा आम्ही तिला इटलीतील एका मूर्तीविषयी सांगितले. जेनोवाजवळ सान फ्रुत्तुओसो येथे एक जुना मठ आहे. त्याच्या समोरच्या उपसागरात दारिओ गोन्झात्ती हा इटलीतील पहिल्या स्कूबा पाणबुड्यांपैकी एक १९४७ साली बुडाला. त्याच्या मित्राच्या, दुइलिओ मार्कान्तेच्या, मनात आले की ज्या तळाने आपला सोबती नेला तेथे प्रभूची मूर्ती उभी असावी. शिल्पकार ग्वीदो गाल्लेत्ती याने ती काशात घडविली आणि २२ ऑगस्ट १९५४ रोजी ती सुमारे १७ मीटर खोल पाण्यात उतरविण्यात आली. खलाशांची पदके, जहाजांचे भाग, देवळांच्या घंटा वितळवून तिचा धातू सिद्ध झाला असे सांगतात. प्रभू येशू तेथे दोन्ही हात वर उचलून, मुख पृष्ठभागाकडे करून उभा आहे. समुद्राने गिळलेल्यांचे स्मरण आणि समुद्रात उतरणाऱ्यांसाठी प्रार्थना तेथे केली जाते. मार्कान्तेने मित्र गेला म्हणून समुद्राकडे पाठ फिरविली नाही. पुढे त्याने कितीतरी जणांना ही विद्या शिकविली. आमच्या पत्नीने मूर्तीचे चित्र पुष्कळ वेळ पाहिले आणि ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिले.

तिने मुलीला परवानगी दिली ती तीन अटींवर. एकटीने कधी उतरायचे नाही. शिक्षक ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालायचा नाही. आणि उतरण्यापूर्वी एक व वर आल्यावर एक, असे दोन फोन करायचे. आम्ही त्यात खरेदीची आमची यादी जोडली: या वर्षी मास्क, बूट, फिन, टोपी आणि हातमोजे एवढेच स्वतःचे; पोशाख, जाकीट व रेग्युलेटर क्लबचे; पुढच्या वर्षी हौस टिकली तर अंगमापाचा पोशाख; मग रेग्युलेटर; सिलिंडर कधीच नाही. मुलीने उत्तर पाठविले की क्लबच्या शिक्षकानेही जवळजवळ हाच क्रम सांगितला आहे. विहिरीवरचे शास्त्र समुद्राला लागू पडले याचे आम्हांला समाधान वाटले.

या यादीत एक गोष्ट राहिली होती. ती संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायाने सुचविली. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना पहाटे काठावर प्रभू उभा दिसतो. तो प्रभू आहे हे कळताच पेत्र प्रथम आपला अंगरखा अंगाशी आवळतो आणि मग समुद्रात उडी घेतो. पोहणारा कपडे काढतो. हा कपडे घालून उडी मारतो, याचे आम्हांला लहानपणी हसू येई. त्याने तो प्रभूसमोर जायचे म्हणून चढविला असेल. पण पहाटेच्या पाण्यात शंभरेक मीटर जायचे असता उघड्या अंगापेक्षा अंगरखा वाईट नव्हे, असे आता आम्हांला वाटते. त्याहून महत्त्वाचे ते पुढे आहे. पेत्र ओलाचिंब होऊन काठावर पोहोचतो तेव्हा तेथे कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, भाकर असते.

थंड पाण्यातून वर आलेल्या माणसाला नेमके हेच लागते. वर आल्यावरही काही काळ शरीर आतून गार होत राहते; म्हणून ओले कपडे ताबडतोब उतरवावेत, वाऱ्याच्या आडोशाला जावे, कोरडी लोकर अंगावर घ्यावी, गरम आणि गोड काही प्यावे, पोटात काही घालावे. एकदम कढत पाण्याने स्नान करू नये. हे सामान पाण्यात उतरण्यापूर्वीच काठावर मांडून ठेवायचे असते, कारण वर आल्यावर बोटांना ते उलगडण्याचे बळ नसते. आम्ही मुलीला लिहिले: ‘‘बाळा, यादीच्या शेवटी थर्मास, टॉवेल, लोकरीची टोपी आणि दोन भाकऱ्या मांड. दोन अशासाठी की सोबतीलाही भूक लागेल.’’